कॅमेऱ्याचे ओझे कोणाच्या पाठीवर?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील पुष्कळ कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. त्यामुळे इथल्या गिर्यारोहकांचा रविवार गुरुवारी येतो. बुधवारची पाळी संपली की पाठीवर सॅक टाकून नाशिक रस्त्याने जुन्नरकडे निघायचे आणि गुरुवारचा सूर्योदय नाणेघाटात किंवा जीवधनवर पाहायचा, अशी सवय असलेली मंडळी या भागात बरीच आहेत. भोसरीच्या सागरमाथा गिर्यारोहण संस्थेची मोहीम २०१२ मध्ये थेट एव्हरेस्टवर गेली होती. डोंगरांचे वेड इथे नवे नाही.

या मंडळींपैकी कोणी छायाचित्रणाकडे वळले की एक प्रश्न हमखास येतो. "कॅमेऱ्याचे सामान मावेल अशी मोठी सॅक घ्यायची आहे. किती लिटरची घेऊ?" दुकानदार साठ म्हणतो, मित्र पंचाहत्तर म्हणतो. आम्हाला वाटते की लिटरचा प्रश्न नंतरचा आहे. वजन किती आणि ते शरीराच्या कोणत्या भागावर टेकते, हे आधी विचारायला हवे. हे शहाणपण यायला कॅमेऱ्याला आणि पिशवीला मिळून शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या वाटचालीत तरफ, दाब आणि गुरुत्वमध्य हे आपल्या पाठ्यपुस्तकातले तिन्ही विषय भेटतात, म्हणून ती शिक्षकांपुढे मांडत आहोत.

काचेचा काळ

फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये छायाचित्रणाची 'ओली कलोडियन' पद्धत जाहीर केली. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी धुऊन काढायची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. म्हणजे जिथे कॅमेरा तिथे अंधारखोली हवीच. डोंगरात चित्र घ्यायचे तर कॅमेरा, तिवई, काचा, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि अंधारखोलीचा तंबू एवढे सामान वर न्यावे लागे.

आपल्याकडे ही विद्या लवकर आली. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांपैकी एक होते. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमलेला रॉबर्ट गिल हाही पुढे छायाचित्रणाकडे वळला. दुहेरी भिंगाच्या कॅमेऱ्याने त्याने घेतलेल्या चित्रांचे पुस्तक १८६४ मध्ये निघाले. गिल अजिंठ्यातच राहत असे, त्यामुळे त्याला आपली प्रयोगशाळा रोज पाठीवर घेऊन हिंडण्याची गरज नव्हती.

सॅम्युअल बोर्न याची गोष्ट वेगळी. १८६३ मध्ये तो भारतात आला आणि त्याच वर्षी सिमल्याहून हिमालयात शिरला. त्या पहिल्या सफरीत त्याच्याबरोबर सुमारे ३० हमाल होते. १८६६ च्या सफरीत तो मणिरंग खिंडीत पोचला. त्याच्या नोंदीप्रमाणे ही उंची सुमारे १८,६०० फूट होती. इतक्या उंचीवर तोपर्यंत कोणी छायाचित्रे घेतली नव्हती.

इतकी माणसे कशाला लागत असतील? एक हिशेब करून पाहू. बोर्न १० इंच × १२ इंच आकाराच्या काचा वापरीत असे. काच दोन मिलिमीटर जाडीची धरली तर तिचे आकारमान सुमारे १५५ घन सेंटिमीटर भरते. काचेची घनता २.५ धरली की एका काचेचे वजन होते सुमारे ३९० ग्रॅम. अशा शंभर काचा म्हणजे ३९ किलो! एका माणसाचे पुरे ओझे केवळ कोऱ्या काचांचे झाले. लाकडी पेट्या, कॅमेरा, बाटल्या, तंबू आणि साहेबाचे खाणेपिणे वेगळेच.

बोर्नने आपल्या सफरींची वर्णने इंग्लंडच्या छायाचित्रण नियतकालिकात छापली. हमाल ओझी टाकून पळून गेले, अशा तक्रारी त्यांत आहेत. त्या थंडीत, त्या खिंडीत, काचेची पेटी पाठीवर घेऊन चढणाऱ्यांचे म्हणणे मात्र कुठे छापलेले नाही. आज संग्रहालयांत ती चित्रे बोर्नच्या नावाने लावलेली आहेत. ज्यांच्या पाठीवरून ती आली त्यांची नावे चित्राखाली नाहीत.

ओझे हलके झाले

रिचर्ड मॅडॉक्स याने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचांची पद्धत सुचवली. काच आधी तयार करून ठेवता येऊ लागली आणि डोंगरावरची अंधारखोली गेली. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनचा 'कोडॅक' आला. त्यात शंभर चित्रांची गुंडाळी असे. ३९ किलो काचांचे काम आता हातात मावणाऱ्या पेटीत होऊ लागले! १९१२ मध्ये खिशात मावणारा कोडॅक आला. १९२४ मध्ये मॅलरी एव्हरेस्टच्या शेवटच्या चढाईवर निघाला तेव्हा त्याच्याजवळ असाच एक कॅमेरा होता. तो अजून सापडलेला नाही. १९५३ मध्ये शिखरावर उभ्या असलेल्या तेनझिंगचे चित्र हिलरीने काढले, ते कोडॅक रेटिना या लहान कॅमेऱ्याने.

कॅमेरा हलका झाला तशी वाहणारी व्यक्तीही बदलली. छायाचित्रकार स्वतःच आपला हमाल झाला. मोठ्या मोहिमांचे बाकीचे सामान मात्र हमालांच्याच पाठीवर राहिले. १९५३ च्या मोहिमेत सुमारे ३५० हमाल होते.

शरीराला आधीच ठाऊक असलेले

पिढ्यान्‌पिढ्या ओझे वाहणाऱ्यांनी आपापल्या रीती शोधल्या आहेत. डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर हंडा घेणारी बाई वजन थेट पाठीच्या कण्याच्या रेषेत आणते. कावडीत पुढचे आणि मागचे वजन एकमेकांना तोलून धरते. नेपाळी हमाल 'डोको' नावाची टोपली पाठीवर घेतो, पण तिचा पट्टा, म्हणजे 'नामलो', कपाळावरून टाकतो. चुंबळ आणि नामलो या दोन्ही रीतींत खांद्यांवर भार येऊ दिला जात नाही.

विज्ञानाने याची दखल उशिरा घेतली. १९८६ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात केनियातील स्त्रिया स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचे ओझे वाहताना जास्तीची ऊर्जा जवळजवळ खर्च करीत नाहीत, असे दिसले. २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये नेपाळी हमालांचा अभ्यास आला. तिथल्या पुरुषांचे ओझे सरासरीने त्यांच्या वजनाच्या ९३ टक्के होते. ते सावकाश चालतात, वारंवार थांबतात आणि 'तोकमा' नावाची काठी ओझ्याखाली टेकवून उभ्या उभ्या विसावा घेतात. यावरून असे ओझे निरुपद्रवी आहे असे मात्र समजू नये. पोटासाठी करावे लागते म्हणून शरीराने साधलेली ती काटकसर आहे.

पिशवीला कंबर मिळाली

'हॅवरसॅक' हा शब्द जर्मन भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ ओटची पिशवी, म्हणजे घोडदळाच्या दाण्याची थैली. आपल्या तोबऱ्याची ती चुलत बहीणच म्हणायची! 'रकसॅक' म्हणजे तर सरळ पाठपिशवी. या जुन्या पिशव्या पट्ट्यांनी खांद्यांवर लोंबकळत. वजन खाली आणि मागे ओढत राही.

१९०८ च्या सुमारास नॉर्वेच्या ओले बेर्गान याने पाठीच्या आकारानुसार वाकवलेली चौकट पिशवीला जोडली. पिशवीला पाठीचा कणा मिळाला. पण वजन अजून खांद्यांवरच होते. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात डिक केल्टी आणि त्याची पत्नी नेना यांनी घरीच सॅक बनवायला सुरुवात केली. तो चौकटी करी, ती पिशव्या शिवी. महायुद्धानंतर विमान उद्योगातली हलकी ॲल्युमिनियम नळी आणि नायलॉन सहज मिळू लागले होते. चौकटीची खालची टोके पँटच्या मागच्या खिशांत खोवली तर खांदे एकदम हलके होतात, असे त्यांच्या गटाच्या लक्षात आले होते. त्यातून कमरपट्टा आला. वजन चौकटीतून कमरेच्या हाडावर आणि तिथून पायांवर जाऊ लागले.

बाहेरची चौकट सपाट वाटेवर उत्तम, पण कड्यावर ती डुलते आणि झुडपांत अडकते. कारवीच्या रानातून किंवा जीवधनच्या तुटलेल्या पायऱ्यांवरून गेलेल्यांना याचा अर्थ चटकन कळेल. १९६७ मध्ये ग्रेग लोव याने चौकट पिशवीच्या आत, पाठीला चिकटून बसवली. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक मोठ्या सॅक याच घराण्यातल्या. छायाचित्रकारांच्या गादीदार पिशव्यांमागेही याच लोवचे नाव आहे. पाइप वाकवणे आणि प्लॅस्टिकचे भाग साच्यात काढणे हे ज्यांचे रोजचे काम आहे, अशा भोसरीच्या कारागिरांनी आपल्या सॅकची पट्टी आणि बकल एकदा या नजरेने पाहावे.

मग सॅक कोणती घ्यावी?

आता हिशेब मांडू. कॅमेरा पाऊण किलो, लांब पल्ल्याचे भिंग दीड किलो, जवळचे भिंग पाऊण किलो, तिवई पावणेदोन किलो, बॅटऱ्या वगैरे अर्धा किलो, एकूण सव्वापाच किलो. त्यात पाणी तीन, जेवण एक, तंबूचा वाटा दीड, स्लीपिंग बॅग सव्वा, कपडे दीड आणि रिकामी सॅक दोन किलो मिळवा. बेरीज साडेपंधरा किलो. फिल्मचा रोळ गेला आणि डिजिटल कार्ड आले, तरी काचेचे वजन सुटलेले नाही. ते आता भिंगात आहे.

सोयीसाठी सॅक १५ किलोची आणि माणूस ६० किलोचा धरू. सॅकचा गुरुत्वमध्य शरीराच्या मध्यरेषेच्या २५ सेंटिमीटर मागे असेल, तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटर मागे जातो. तोल सांभाळायला तेवढे पुढे वाकावे लागते. तेच अंतर १५ सेंटिमीटर केले तर सरक फक्त ३ सेंटिमीटर. म्हणून जड भिंगे पाठीला लागून, मधल्या उंचीवर ठेवावीत. स्लीपिंग बॅग तळाशी आणि हलके कपडे बाहेरच्या बाजूला. कड्यावर चढायचे असेल तर जड सामान किंचित खाली घ्यावे, म्हणजे डोलणे कमी होते.

सॅक घेताना माणसाची उंची पुरत नाही, पाठीची लांबी मोजावी. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी एक उंचवटा हाताला लागतो. तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंतचे अंतर म्हणजे पाठीची लांबी. सॅकची चौकट तेवढी नसेल तर कमरपट्टा पोटावर किंवा मांड्यांवर येतो आणि सारी रचना वाया जाते. दुकानात सॅक रिकामी घालून पाहू नये. दहा-बारा किलो भरून, पंधरा मिनिटे चालून पाहावे.

केवळ कॅमेऱ्यासाठी बनवलेल्या पिशवीत गाद्यांनीच बरीच जागा व्यापलेली असते आणि मुक्कामाचे सामान मावत नाही. दोन दिवसांच्या भटकंतीला चांगल्या कमरपट्ट्याची ६० ते ७० लिटरची साधी सॅक आणि तिच्यात बसणारा गादीदार कप्प्यांचा छोटा डबा, ही जोडी बरी. तो पाठीच्या बाजूला बसतो ना आणि सॅक बाजूने उघडते ना, हे पाहावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, तेव्हा वरून पावसाचे आवरण आणि आत सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. आणखी एक गोष्ट. मोठी सॅक रिकामी राहत नाही, आपण ती भरतो. शरीराच्या वजनाच्या चौथ्या हिश्शापुढे काटा गेला की एक भिंग घरी ठेवावे.

वर्गात करून पाहा

कमरपट्ट्याची एक भरलेली सॅक आणि वजनकाटा शाळेत आणा. विद्यार्थ्याला सॅकसह काट्यावर उभे करा. कमरपट्टा सैल असताना आकडा पाहा, मग आवळून पाहा. आकडा बदलत नाही! आता खांद्याच्या पट्ट्याखाली कागदाची पट्टी सरकवून ओढायला सांगा. पट्टा सैल असताना ती अडकते, आवळला की सहज निघते. वजन तेवढेच राहिले, त्याचा मार्ग बदलला. मुलांना हे वाक्य आपण सांगण्याऐवजी त्यांनाच शोधू द्यावे.

यानंतर शाळेची दप्तरे तोलायला हरकत नाही. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाने दप्तराची मर्यादा मुलाच्या वजनाच्या १० टक्के ठरवली आहे. ३० किलोच्या मुलाला तीन किलो. दप्तराला बहुधा कमरपट्टा नसतो, तेव्हा सारा भार कोवळ्या खांद्यांवर येतो. प्रा. यशपाल समितीने १९९३ मध्ये म्हटले होते की, पाठीवरच्या ओझ्यापेक्षा न समजण्याचे ओझे मोठे असते. ते खरेच आहे, पण पाठीवरचे ओझे तानकाट्याने मोजता येते आणि आजच मोजता येते. बोर्नच्या हमालांची पाठ कोणी मोजली नाही. आपल्या वर्गातल्या मुलांची तरी आपण मोजावी.