उमेदवार कोणी निवडावा?

निवडणुकीच्या दिवशी मतदार मत द्यावयास जातो, तेव्हा त्याच्यासमोरची नावे आधीच ठरलेली असतात. ती कोणी ठरविली, हा प्रश्न आपल्याकडे सहसा विचारला जात नाही. तिकीट कोणाला द्यावे हे पक्षश्रेष्ठी ठरवितात आणि कार्यकर्ते कामाला लागतात. अमेरिकेत मात्र याच प्रश्नावर दोनशे वर्षे वाद चालला आहे. ‘कॉकस’ आणि ‘प्रायमरी’ हे दोन शब्द दर चार वर्षांनी वर्तमानपत्रांत आपल्या नजरेस पडतात, ते त्या वादाचेच फलित होत.

1787 मध्ये सिद्ध झालेल्या अमेरिकन राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. मग पक्षाचा उमेदवार कसा निवडावा, हे तीत कोठून येणार? ही उणीव प्रथम संसदसदस्यांनी भरून काढली. एका पक्षाचे सभासद एकत्र बसून अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवीत. या बैठकीला कॉकस म्हणत. शब्द त्याहून जुना आहे. जॉन ॲडम्स यांच्या 1763 च्या रोजनिशीत बोस्टनच्या एका कॉकस मंडळाचे वर्णन आढळते. एका घराच्या माळ्यावर तंबाखूच्या धुरात बसून ही मंडळी गावचे अधिकारी निवडणुकीपूर्वीच मुक्रर करीत.

संसदसदस्यांची मक्तेदारी 1824 मध्ये मोडली. विल्यम क्रॉफर्ड यांची निवड करणाऱ्या बैठकीकडे बहुसंख्य सभासद फिरकलेच नाहीत आणि निवडणुकीत क्रॉफर्ड मागे पडले. पुढे 1831 मध्ये बाल्टिमोर येथे एका लहान पक्षाने देशभरच्या प्रतिनिधींचे अधिवेशन भरवून उमेदवार निवडला आणि मोठ्या पक्षांनी तोच कित्ता गिरविला. अधिवेशनांनी 1860 मध्ये लिंकन यांच्यासारखा पुरुष दिला, हे खरे. पण तेथेही सूत्रे प्रांतोप्रांतीच्या पुढाऱ्यांच्याच हाती होती. 1920 मध्ये शिकागोच्या एका हॉटेलात रात्री झालेल्या खलबतांनंतर हार्डिंग यांचे नाव पुढे आले आणि ‘धुराने कोंदलेली खोली’ हा वाक्प्रचार रूढ झाला. माळ्यावरचा धूर दीडशे वर्षांनंतरही विरला नव्हता.

उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिनच्या ला फॉलेट प्रभृती सुधारकांनी प्रायमरीचा, म्हणजे पक्षांतर्गत मतदानाचा, आग्रह धरला. परंतु हे मतदान बहुधा सल्ल्यापुरतेच राहिले. 1912 मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक प्रायमरी जिंकल्या, तरी उमेदवारी टाफ्ट यांनाच मिळाली.

खरा कडेलोट झाला 1968 मध्ये. व्हिएतनाम युद्धाने देश पेटला होता. न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत युद्धविरोधी यूजीन मॅकार्थी यांनी विद्यमान अध्यक्ष जॉन्सन यांच्याविरुद्ध सुमारे 42 टक्के मते मिळविली आणि महिनाअखेरीस जॉन्सन यांनी माघार घेतली. जूनमध्ये कॅलिफोर्नियाची प्रायमरी जिंकल्याच्या रात्रीच रॉबर्ट केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनाने ह्युबर्ट हंफ्री यांना उमेदवारी दिली. ते एकाही प्रायमरीत उतरलेले नव्हते! बाहेर रस्त्यावर पोलीस युद्धविरोधी तरुणांवर लाठ्या चालवीत होते. नोव्हेंबरात हंफ्री हरले आणि डेमोक्रॅटिक पक्षाला आत्मपरीक्षण करणे भाग पडले. मॅकगव्हर्न आणि फ्रेझर यांच्या समितीने नियम केले: प्रतिनिधींची निवड उघड, लेखी नियमांनुसार आणि निवडणुकीच्याच वर्षी व्हावी. हे पाळण्याचा सोपा मार्ग म्हणून अनेक राज्यांनी प्रायमरीचे कायदे केले आणि त्यामुळे रिपब्लिकन पक्षही त्याच वाटेला लागला.

दोन्ही पद्धतींतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. प्रायमरी बहुधा राज्य सरकार घेते. मतदार गुप्त मतदान करून घरी जातो. काही राज्यांत तीत पक्षाकडे नोंद असलेल्यांनाच मत देता येते, काहींत कोणालाही. कॉकस म्हणजे पक्षाने भरविलेली मतदारांची स्थानिक सभा. आयोवात 1972 पासून अनेक निवडणुकांत डेमोक्रॅटिक मतदार थंडीच्या रात्री शाळांतून जमत आणि आपापल्या उमेदवाराच्या गटात उघडपणे उभे राहत. सामान्यतः 15 टक्क्यांहून लहान गटातील लोकांना शेजाऱ्यांनी मनधरणी करून आपल्याकडे ओढावे, असा रिवाज होता. यात लोकशाहीचा जिवंतपणा होता. पण रात्रपाळीच्या परिचारिकेने तेथे कसे यावे? 2020 मध्ये निकालाचा घोळ झाला आणि 2024 मध्ये त्या पक्षाने तेथे टपाली मतदान स्वीकारले. मात्र पद्धत कोणतीही असो, मतांवरून अधिवेशनाचे प्रतिनिधी ठरतात आणि उमेदवार अधिकृतपणे तेच निवडतात.

या व्यवस्थेशी आपल्या सीमाभागाचाही एक धागा जुळतो, अर्थात अध्यक्षपदाच्या नव्हे, इतर पदांच्या प्रायमरीतून. बेळगावात वाढलेले, मराठी आत्मचरित्रामुळे वाचकांना परिचित झालेले श्री ठाणेदार 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत हरले; 2022 मध्ये मात्र संसदेच्या जागेसाठी प्रायमरी जिंकून पुढे निवडूनही आले. पुढाऱ्यांच्या वशिल्यावाचून थेट मतदारांपुढे जाण्याची ही मुभा मोठी आहे. तिची किंमतही मोठी आहे: प्रचाराला अफाट पैसा लागतो आणि मतदानास थोडेच लोक येतात.

आणि धूर पुरता विरला आहे काय? 2024 मध्ये जो बायडेन यांनी जवळजवळ सर्व प्रायमरी जिंकल्या. पण 21 जुलै रोजी त्यांनी माघार घेतली आणि कमला हॅरिस यांची निवड प्रतिनिधींनी केली. त्या वर्षीच्या कोणत्याही प्रायमरीत अध्यक्षपदासाठी हॅरिस यांचे नाव नव्हते. नियमभंग काहीच झाला नाही. अडचणीच्या वेळी निर्णय करणारे कोणीतरी लागतेच, एवढेच त्यातून दिसले. मात्र आता त्या निर्णयाचा जाब विचारला जातो. जिथे उमेदवारी हा पक्षश्रेष्ठींचा प्रसाद मानला जातो, तिथे हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तरी पुष्कळ होईल.