तबकडी-क्षय
सीडी, डीव्हीडी यांसारख्या प्रकाशीय तबकडीतील परावर्तक थर किंवा रंजकद्रव्य खराब होऊन नोंदलेली माहिती हळूहळू वाचता न येणे (→ लेसर).

उद्गम : सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथील पीडीओ कारखान्याच्या १९८८–९३ मधील अनेक सीडी कडेपासून तांबूस पडल्या. वेष्टनाच्या कागदातील गंधकापुढे त्यांचे संरक्षक लॅकर टिकले नाही (→ गंजणे).

लक्षणे : कडेचा रंगबदल, उजेडासमोर धरल्यास दिसणारी सूक्ष्म छिद्रे, थर सुटणे. सीडीचा परावर्तक थर लेबलाच्या बाजूस लॅकरखालीच असल्याने तिकडील ओरखडा अधिक घातक ठरतो.

महत्त्व : त्रुटिसुधारणेमुळे आरंभीचा क्षय ऐकू येत नाही, म्हणून अभिलेखागारांत वाचनत्रुटी ठरावीक काळाने मोजून वेळीच नवी प्रत करणे आवश्यक असते (→ अभिलेखागार, ध्वनिमुद्रण).