मोटारीचे अभ्यंग

दिवाळीच्या पहाटे माणसाला तेल लावायचे ते बाहेरून, आणि मोटारीला पाजायचे ते आतून. एवढाच काय तो फरक. मी शाळामास्तर आहे, वेळ मिळेल तेव्हा कादंबऱ्या लिहितो आणि माझ्या जुन्या मोटारीचे तेल स्वतःच्या हाताने बदलतो. शेजारी याला कंजूषपणा म्हणतात. माझे शास्त्र मॅट्रिकपुरतेच, तेव्हा त्यांच्याशी यंत्रावर वाद घालण्याचे धाडस मला नाही. पण या खटाटोपाला इतिहास आहे, आणि तो सांगितल्यावाचून माझ्यासारख्याला राहवत नाही.

वंगण म्हटले की आपल्या आजोबांना बैलगाडीचा कणा आठवे आणि कण्याबरोबर एरंडेल. हे एरंडेल पुढे फार दूर गेले. चार्ल्स वेकफील्ड या इंग्रज व्यापाऱ्याने 1899 साली तेलाची कंपनी काढली आणि दहा वर्षांनी खनिज तेलात एरंडेल मिसळून एक वंगण बाजारात आणले. त्याचे नाव कॅस्ट्रॉल! एरंडेलाचे इंग्रजी नाव त्यात आजही स्पष्ट ऐकू येते. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांची फिरती यंत्रे एरंडेलावर चालत. न जळलेले तेल वाऱ्याबरोबर वैमानिकाच्या तोंडावर येई. त्याचा पोटावर काय परिणाम होत असेल, हे लहानपणी आईने नाक दाबून एरंडेल पाजलेल्या वाचकांना निराळे सांगायला नको.

खनिज तेलाची कथा याहून जुनी. वाफेच्या यंत्रांत पूर्वी चरबी घालीत. कढत वाफेने ती नासे आणि धातूला खाई. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी जॉन एलिस नावाच्या डॉक्टरने 1866 साली खनिज तेलाचे वंगण करण्याची कंपनी काढली. रोग्यांचे औषध शोधता शोधता त्याला यंत्रांचे औषध सापडले, असे म्हणायला हरकत नाही.

पण घरमालकाला कोपरापर्यंत बाह्या सारून मोटारीखाली निजवले ते हेन्री फोर्डने. 1908 ते 1927 या काळात त्याच्या ‘मॉडेल टी’ दीड कोटींहून अधिक विकल्या गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा शेतकऱ्यांच्या दारी गेल्या. तिथे मिस्त्री कुठला मिळायला! म्हणून कंपनी मालकासाठी एक पुस्तिका देत असे, आणि ती सगळी प्रश्नोत्तरांच्या रूपात होती. माझ्यासारख्या मास्तराला याहून गोड ते काय? त्या गाडीला तेलाचा पंप नव्हता, गाळणी नव्हती, तेल पाहायची कांडीही नव्हती. फिरते चाकच तेल उडवी आणि ते तुषार जिथे पोहोचतील तिथे वंगण. तेल किती आहे हे पाहायला खालच्या अंगाला दोन छोट्या तोट्या. वरची उघडून तेल वाहिले तर भरपूर आहे. खालचीतूनही आले नाही तर मालकाची धडगत नव्हे. पुस्तिका सांगे की नव्या गाडीचे तेल चार-पाचशे मैलांनी काढून टाका आणि पुढे सुमारे हजार मैलांनी काढीत जा. बूच काढून काळे तेल सोडायचे, गॅलनभर रॉकेल ओतायचे, हँडलने यंत्र पंधरा-वीस वेळा फिरवायचे, ते रॉकेल सोडून द्यायचे, मग नवे तेल. अभ्यंग म्हणतात ते हेच!

गाळणी आली 1923 साली. अर्नेस्ट स्वीटलंड याने ती काढली. ‘पुढे शुद्ध तेल’ अशा अर्थाचे तीन इंग्रजी शब्द जोडून तिला प्युरोलेटर असे नाव दिले, आणि 1924 च्या क्रायस्लर गाडीत ती बसली. आरंभीच्या गाळण्यांतून थोडेच तेल जाई. सगळे तेल गाळून घेण्याची रीत मागाहून रुळली. 1950 च्या दशकात हाताने पिळून काढायची डबीसारखी गाळणी आली आणि काम बायकामुलांनाही जमेल इतके सोपे झाले, असे जाहिरातवाले म्हणू लागले. तसे ते सोपे आहेच. यंत्र थोडे गरम करून बंद करायचे, तेल सोडायचे, जुनी डबी काढताना तिचा रबरी कडा यंत्रालाच चिकटून राहिलेला नाही ना हे पाहायचे, नव्या कड्याला तेलाचे बोट लावून डबी हातानेच आवळायची. मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कधीही शिरू नये. जॅक घसरला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

आणि ते काळे तेल? वाचकहो, इथे इतिहास जरा लाजिरवाणा आहे. 1963 साली ‘पॉप्युलर सायन्स’ या अमेरिकन मासिकाने घरमालकांना युक्ती सांगितली की अंगणात खड्डा खणा, त्यात बारीक खडी भरा आणि तेल ओता. जमीन ते शोषून घेईल. जमिनीने शोषले खरे, पण त्याच जमिनीत विहिरीचे झरे असतात. मिझुरी राज्यातल्या टाइम्स बीच गावात 1970 च्या दशकात धूळ बसावी म्हणून रस्त्यांवर टाकाऊ तेल शिंपडले. त्या तेलात रासायनिक कारखान्याचा डायॉक्सिन मिसळलेला गाळ होता. 1983 साली सरकारने अख्खे गाव विकत घेऊन सुमारे दोन हजार माणसे उठवली. तिथले विष कारखान्याचे होते, मोटारीचे नव्हे. पण वापरलेल्या डब्यात काय मिसळले आहे हे तो डबा सांगत नाही. शिवाय निव्वळ मोटारीचे काळे तेलही कातडीला बरे नव्हे, म्हणून मी हातमोजे घालतो.

आपल्याकडे 1989 पासून घातक कचऱ्याचे नियम आहेत आणि वापरलेले तेल त्यांत मोडते. तरी आमच्या आळीतला गवंडी सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला, आणि सुतार वाळवीसाठी, ‘मास्तर, जळके ऑइल आहे का?’ म्हणून विचारून जातात. मी घट्ट झाकणाचा डबा भरून परवाना असलेल्या भंगारवाल्याकडे पोहोचवतो. त्याचे तो मला काही देत नाही. उलट, दर खेपेस डबा परत हवा का म्हणून विचारतो.