मुळी ठेवा, मांत्रिक हाकला?

आफ्रिकेतल्या पारंपरिक उपचारांबद्दल शहाण्यासुरत्या मंडळींचा एक ठरलेला निवाडा आहे. झाडपाल्यातले औषधी द्रव्य प्रयोगशाळेत वेगळे काढावे, त्याची गोळी करावी आणि मंत्रतंत्रासकट उपचारकाला निरोप द्यावा. निदान मनोविकारांच्या बाबतीत तरी नायजेरियातला अनुभव याच्या उलटी साक्ष देतो.

आधी मुळीचेच पाहू. वेड लागलेल्या माणसाला नायजेरियातले योरुबा उपचारक राउवोल्फियाची मुळी देत. १९६० मध्ये रेमंड प्रिन्स या मनोविकारतज्ज्ञाने त्यावर शोधनिबंध लिहिला. ही वनस्पती आपल्या सर्पगंधेच्याच कुळातली. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकातून मांडला, १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि काही वर्षे ते मनोरुग्णालयांतही चालले. निवाड्याबरहुकूम सारे यथासांग झाले म्हणायचे! पण क्लोरप्रोमाझिन हे दुसरे औषध आले आणि मनोविकारांवरचे औषध म्हणून रेसर्पिन मागे पडले. सार म्हणून जे जपले, तेच कालबाह्य झाले.

आता ज्याला चोथा म्हणून फेकायचे होते, त्याचे काय झाले? इंग्लंडमध्ये शिकून आलेले डॉ. थॉमस अडेओये लाम्बो यांनी १९५४ मध्ये अबेओकुटाजवळच्या आरो येथे रुग्णांना कोंडून न ठेवता आसपासच्या खेड्यांत शेतकऱ्यांच्या घरी भाड्याने ठेवले. अट एकच, सोबत घरचे माणूस हवे. सकाळी रुग्णालयात उपचार, मग परत गावात. लाम्बोंनी पारंपरिक उपचारकांनाही कामावर घेतले, पण मुळ्या कुटायला नव्हे. रुग्णांचे सामूहिक कार्यक्रम त्यांच्या देखरेखीखाली चालत, आणि आजाराचा रुग्णाला व नातलगांना काय अर्थ लागतो, हे डॉक्टरांना त्यांच्याकडून कळे. औषधे पाश्चात्त्यच होती. घेतली ती नेमकी निवाड्याने टाकून दिलेली बाजू.

हे जुने झाले म्हणाल, तर २०२० चे ‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक पाहा. मनोविकारतज्ज्ञ ओये गुरेजे आणि सहकाऱ्यांनी नायजेरियातल्या इबादान व घानातल्या कुमासी भागात ३०७ मनोरुग्णांवर चाचणी घेतली. हे रुग्ण पारंपरिक किंवा धार्मिक उपचारकांकडेच राहत होते. एका गटात प्राथमिक आरोग्य केंद्राचे कर्मचारी आणि उपचारक मिळून काम करत. सहा महिन्यांनी त्या गटातली लक्षणे असे सहकार्य नसलेल्या दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी होती. गुण कर्मचाऱ्यांनी दिलेल्या गोळीचा, असे कोणी म्हणेल. असेलही. पण ती गोळी पोचली उपचारकाच्याच ओसरीवर, आणि तिथे तिला अंगणात अडवले गेले नाही.

पूर्वपक्षाचा खरा जोर साखळदंडांवर आहे, आणि तो रास्त आहे. उपचारकांकडे रुग्ण बांधले जातात, उपाशी ठेवले जातात, मारले जातात. हे ‘संस्कृती’च्या नावाखाली खपवणाऱ्यांशी माझे काही देणेघेणे नाही. त्या चाचणीत असे प्रकार कमी झाले खरे, पण दोन्ही गटांत. त्यामुळे त्याचे श्रेय सहकार्याला देणे लबाडीचे होईल. मात्र ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेला २०१९ मध्ये नायजेरियात साखळीने बांधलेली माणसे पारंपरिक उपचार केंद्रांत सापडली, तशीच चर्चमध्ये, इस्लामी सुधारगृहांत आणि सरकारी रुग्णालयांतही सापडली. तेव्हा साखळीवर बंदी घालायची, तर ती रुग्णालयाच्या फाटकाबाहेर थांबून चालणार नाही.