बीसी-३४८ कोणत्या घराण्याचा?

भंडाऱ्याला सर्वांत जवळचे आकाशवाणी केंद्र नागपूरचे. मध्यमलहरीवर ५८५ किलोहर्ट्झ. दुसऱ्या महायुद्धातल्या बीसी-३४८ या अमेरिकी विमान-रिसीव्हरच्या डायलवर हे केंद्र नाही. हा बिघाड नव्हे. २०० ते ५०० किलोहर्ट्झ आणि पुढे १.५ ते १८ मेगाहर्ट्झ एवढाच त्याचा आवाका. संचाची आयएफ, म्हणजे मध्यम वारंवारता, ९१५ किलोहर्ट्झ आहे. त्याच वारंवारतेवर स्टेशन लावायला गेले तर संच शिट्ट्या मारू लागतो, म्हणून तो भाग वगळलेला. नागपूरहून १५६६ किलोहर्ट्झवर चाललेली राष्ट्रीय वाहिनी मात्र या आवाक्यात येत असे. ब्रिटिश आर-११५५ ची आयएफ ५६० किलोहर्ट्झ. त्यामुळे त्याच्या डायलवर ५०० ते ६०० चा भाग गायब, आणि ५८५ तिथेही नाही. डायल कुठे तुटते हे पाहिले की संच कोणता ते पहिल्याच नजरेत कळते.

उपप्रकार ओळखणे याहून किचकट. बीसी-३४८ च्या पाटीवरचे शेवटचे अक्षर पाहून लोक समजतात की अक्षर जितके पुढचे, तितका संच सुधारलेला. हा समज चुकीचा आहे. अक्षरे मुख्यतः कारखान्यानुसार पडली. एच, के, एल, आर बेलमाँटचे; ई, एम, पी स्ट्रॉमबर्ग-कार्लसनचे; जे, एन, क्यू वेल्स-गार्डनरचे. शेवटच्या तिघांची आतली रचनाच वेगळी आहे.

ती पाहायला संच पेटीतून बाहेर काढावा. ६के७ सारख्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर धातूची छोटी टोपी असते आणि तिच्यावर चिमट्याने अडकवलेली ग्रिडची वायर येते. अशा वायरी दिसल्या तर संच जुन्या घडणीचा. जे, एन, क्यू मध्ये ६एसके७ जातीचे व्हॉल्व्ह आहेत; त्यांची ग्रिड खालच्या पिनांतूनच जोडलेली, डोके मोकळे. पाटी एक सांगते आणि व्हॉल्व्ह दुसरे, असे झाले तर मी व्हॉल्व्हवर विश्वास ठेवतो, कारण पाटी चार स्क्रूंनी बदलता येते, आख्खी चेसिस नाही.

बी-२४ लिबरेटर विमानांत हाच रिसीव्हर असे. युद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली ही विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्टने (एचएएल) दुरुस्त करून भारतीय हवाई दलाला दिली; इथे मिळणारा संच त्यांतलाही असू शकतो, हे इथल्या संग्राहकांनी लक्षात ठेवावे.

वीजपुरवठ्यावरून घराणे ठरवू नये. मूळ संच २८ व्होल्ट डीसीवर, डायनॅमोटरवर (व्होल्टेज वाढवणाऱ्या मोटर-जनित्रावर) चाले. हॅम मंडळींनी, म्हणजे हौशी रेडिओचालकांनी, डायनॅमोटर काढून ट्रान्सफॉर्मर बसवलेले संच पुष्कळ आहेत. म्हणूनच आत काय आहे ते पाहिल्याशिवाय घरच्या २३० व्होल्टला जोडू नका. आणि असा संच हाती आला तर रंग देण्याआधी पाटी, चेसिस आणि व्हॉल्व्हच्या क्रमांकांचे फोटो काढून ठेवा.