ड्युटीवरच्या सरकारी माणसाचा व्हिडिओ काढता येतो का?

पेण किंवा रोहा तालुक्यात राहणाऱ्या माणसाची सरकारशी गाठ पडते ती ठरावीक ठिकाणी. तहसील कचेरी, भूमी अभिलेख, पोलीस ठाणे, नगरपरिषद, एसटी स्टँड आणि एमएच ०६ नंबरच्या गाड्यांसाठी पेणचे आरटीओ. त्यात भर मुंबई-गोवा महामार्गाची. अशा ठिकाणी काम अडले, कोणी अरेरावी केली किंवा पावती न देता पैसे मागितले, तर हात आपसूक मोबाइलकडे जातो. समोरून उत्तर येते, ‘शूटिंग बंद करा, नाहीतर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल होईल.’

या धमकीत तथ्य किती? चित्रीकरणाचा हक्क शब्दशः देणारा कायदा भारतात नाही, आणि कर्तव्यावरील अधिकाऱ्याचे चित्रीकरण सरसकट गुन्हा ठरवणारा कायदाही नाही. जागा कोणती, काढणारा नेमके काय करतो आणि त्या व्हिडिओचे पुढे काय होते, यावर सगळे अवलंबून असते.

आधार कशाचा?

पहिला आधार संविधानाच्या अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा. माहिती मिळवण्याचा हक्क त्यातच येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. दुसरा आधार १९९४ च्या आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य या निकालाचा. सरकारी अधिकाऱ्याला खासगी आयुष्याबाबत गोपनीयतेचे संरक्षण आहे, पण अधिकृत कर्तव्याशी संबंधित वागणुकीबद्दल काही प्रसिद्ध झाले म्हणून त्याला सहसा नुकसानभरपाई मागता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. मजकूर खोटा असेल आणि खरेखोटे तपासण्याची पर्वाच केली नसेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा टेबलावर फाइल घेऊन बसलेला कारकून आणि संध्याकाळी बाजारात भाजी घेणारा तोच माणूस, यांत कायदा फरक करतो. तो फरक व्हिडिओ काढणाऱ्यानेही करावा.

पोलीस ठाण्यात मोबाइल

महाराष्ट्रातला सर्वांत उपयोगी निकाल वर्ध्याच्या प्रकरणातला. शेजाऱ्यांशी झालेल्या भांडणावरून एक जण पोलीस ठाण्यात गेला. तिथली बोलाचाली त्याने मोबाइलवर टिपली, म्हणून २०१८ मध्ये त्याच्यावर थेट शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ खाली गुन्हा दाखल झाला. हेरगिरीसाठी केलेला इंग्रजांच्या काळातला हा कायदा शेजाऱ्यांच्या भांडणात वापरला गेला! जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. कायद्यात ‘निषिद्ध ठिकाण’ म्हणजे काय याची पूर्ण व्याख्या दिलेली आहे आणि पोलीस ठाणे तिच्यात बसत नाही, हे त्याचे कारण.

दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, पाथर्डीच्या पोलीस ठाण्यातील संभाषण रेकॉर्ड केल्याच्या प्रकरणात औरंगाबाद खंडपीठाने हीच भूमिका घेतली. मात्र तिथे धमकी आणि कटाची कलमेही लावलेली होती. शासकीय गुपिते कायद्याचे कलम गेले म्हणून ती आपोआप गेली नाहीत. निकालाची बातमी पुढे पाठवताना हा भाग बहुतेक वेळा गळतो.

लष्करी ठिकाणे मात्र या कायद्याच्या थेट कक्षेत येतात. आपल्याच जिल्ह्यात उरणजवळ करंजा येथे नौदलाचा शस्त्रसाठ्याचा डेपो आहे. तिथल्या पहारेकऱ्याशी पोलीस ठाण्याच्या निकालावरून वाद घालू नये.

‘सरकारी कामात अडथळा’ म्हणजे काय?

लोक ज्याला ‘३५३’ म्हणून ओळखतात ते भारतीय दंड संहितेचे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १३२ झाले आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असून शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. पण त्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर व्हावा लागतो. चार पावले दूर उभे राहून मोबाइल धरणे यात बसत नाही. कॉलर पकडणे, टेबलावरची फाइल हिसकावणे, अंगावर धावून जाणे बसते.

दुसरे कलम २२१, पूर्वीचे १८६. सरकारी नोकराला जाणूनबुजून अडथळा आणल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खरी पंचाईत इथे होते. रांगेतले वीस लोक ताटकळत असताना मोबाइल तोंडासमोर नाचवून ‘बोला, बोला’ केले, खिडकीच्या आत हात घातला, मोजणीदाराच्या यंत्रासमोर उभे राहिलात, तर अडथळा झाला असे म्हणायला जागा राहते. विरार-अलिबाग कॉरिडॉरसारख्या प्रकल्पांच्या भूसंपादनामुळे पेण तालुक्यातल्या शेतकऱ्यांना जमिनीची मोजणी नवी नाही. बांधावर उभे राहून मोजणीचा व्हिडिओ काढणे वेगळे आणि खुणेचा खुंटा उपटणे वेगळे.

‘व्हिडिओ टाकीन, नाहीतर पैसे दे’ असे म्हटलेत तर प्रश्न अडथळ्याचा उरतच नाही. ती खंडणी होते, कलम ३०८.

कंत्राटी कामगार, चालक, मजूर

मार्च २०२५ मध्ये दादर-स्वारगेट ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवताना मोबाइलवर क्रिकेट पाहत होता. एका प्रवाशाने व्हिडिओ काढून परिवहनमंत्र्यांपर्यंत पोचवला. चालकाची नोकरी गेली आणि गाडी पुरवणाऱ्या खासगी कंपनीला पाच हजार रुपये दंड झाला. प्रवाशांचा जीव धोक्यात होता, चूक पडद्यावर स्पष्ट दिसत होती आणि व्हिडिओ कारवाई करू शकणाऱ्याकडे गेला. असे व्हिडिओ कामाचे.

महामार्गावर चित्र वेगळे असते. पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. हा टप्पा पेणमधून आणि रोहा तालुक्यातल्या नागोठणे, कोलाडवरून जातो. भर पावसात खड्ड्यात खडी टाकणाऱ्या मजुराचा चेहरा जवळून टिपून ‘हे बघा, काय काम करतात’ म्हणण्यात काही हशील नाही. खडी कोणत्या प्रतीची टाकायची हे तो ठरवत नाही. त्याऐवजी खड्डा, किलोमीटरचा दगड, कंत्राटदाराच्या नावाचा फलक आणि तारीख दिसेल असे टिपा. तक्रार त्यावर उभी राहते. मजूर सरकारी अधिकारी नाही, त्यामुळे राजगोपाल निकालाचा आधारही त्याच्या बाबतीत तेवढा पक्का नाही.

सरकारनेच जिथे चित्रीकरण करायचे असते

हा भाग कमी लोकांना ठाऊक असतो. पोलीस झडती घेतात किंवा वस्तू जप्त करतात, तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे त्यांनी स्वतः दृक्-श्राव्य चित्रीकरण करायचे असते. त्यासाठी मोबाइलही चालतो. घरी झडती आली तर ‘शूटिंग चालू आहे ना?’ हे विचारणे उर्मटपणा नाही.

पर्यावरणविषयक जनसुनावणीचेही तसेच. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे संपूर्ण सुनावणीचे चित्रीकरण प्रदूषण नियंत्रण मंडळाने करायचे असते. ज्या तालुक्यात डोलवीसारखा पोलाद कारखाना आहे तिथे याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. कोण काय बोलले यावर पुढे वाद झाला, तर ते चित्रीकरण माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते. प्रतीचा खर्च वेगळा.

पोलीस ठाण्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात आवाजासह सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. चित्रण १८ महिने, आणि तशी यंत्रणा मिळत नसेल तर निदान वर्षभर जपायचे आहे. ठाण्यात मारहाण झाली असे म्हणणे असेल तर लेखी अर्जात तारीख आणि वेळ घालून ते चित्रण जपून ठेवण्याची मागणी लगेच करावी.

कुठे मोबाइल खिशात ठेवावा

मतदान केंद्रात. न्यायालयाच्या दालनात, परवानगीशिवाय. रुग्णालयाच्या वॉर्डात, कारण डॉक्टर ड्युटीवर असले तरी शेजारच्या खाटेवरचा रुग्ण ड्युटीवर नसतो. पोलीस ठाण्यातही लैंगिक अत्याचाराची तक्रार द्यायला आलेली स्त्री किंवा लहान मूल चौकटीत येऊ देऊ नका. त्यांची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तिथे ‘मी पोलिसांचा व्हिडिओ काढत होतो’ ही सबब चालत नाही.

व्हिडिओ पुरावा कधी ठरतो?

जालन्याची २०१४ ची विधानसभा निवडणूक आठवा. अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर स्वीकारला, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातले आयोगाचेच चित्रीकरण पुराव्यात आले. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. त्याच निकालात एक गोष्ट पक्की झाली. मूळ उपकरण न्यायालयापुढे आणता येत नसेल, तर इलेक्ट्रॉनिक प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. आता ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यायचे असते.

म्हणून व्हॉट्सॲपवर फिरून आलेली क्लिप नव्हे, मूळ फाइल जपायची. तिच्यात काटछाट करू नये, त्यावर गाणे टाकू नये. फोन बदलला तरी जुना मोडीत काढू नये. पोलिसांनी फोन घेतलाच, तर जप्तीचा पंचनामा मागा. जप्त वस्तूची माहिती दंडाधिकाऱ्यांना कळवावी लागते. हातातून फोन घेऊन व्हिडिओ पुसून टाकण्याचा अधिकार कोणत्याही कलमात नाही.

लाच मागितली असेल तर व्हिडिओ फेसबुकवर टाकण्याची घाई करू नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. मागणीची पडताळणी ते पंचांसमोर स्वतः करतात आणि मग सापळा लावतात. क्लिप आधीच व्हायरल झाली, तर सापळ्यात यायला कोणी उरत नाही.