नदीचा कारभार नदीकाठाने

अलास्काच्या नैर्ऋत्येस कस्कोक्विम ही सुमारे 1,100 किलोमीटर लांबीची नदी आहे. तिच्या खालच्या अंगाला युपिक लोकांची गावे आहेत. उन्हाळ्यात समुद्रातून वर चढणारे साल्मन मासे पकडून, वाळवून व धुरी देऊन ठेवावयाचे, हीच त्यांची हिवाळ्याची बेगमी. मेरी पेल्टोला या याच समाजातील. 2022 साली त्यांचे नाव जगभर झाले. परंतु त्यांच्या लोकसेवेचे मर्म या नदीच्या कारभारात आहे.

1973 साली जन्मलेल्या पेल्टोलाबाईंचे बालपण क्वेथलुक, टुंटुटुलिआक, प्लॅटिनम व बेथेल या गावांत गेले. 1999 ते 2009 अशी दहा वर्षे त्या अलास्का राज्याच्या विधिमंडळात होत्या. बेथेलची नगर परिषद आणि तेथील जमातीचे न्यायासन येथेही त्यांनी काम केले.

अलास्कातील मूलनिवासींना 1971 च्या कायद्याने सुमारे 4 कोटी 40 लाख एकर जमीन व 96 कोटी 25 लाख डॉलर मिळाले. मात्र शिकार व मासेमारीचे परंपरागत हक्क त्याच कायद्याने संपुष्टात आले. 1980 च्या कायद्याने केंद्राच्या अखत्यारीतील क्षेत्रात ग्रामीण रहिवाशांना उदरनिर्वाहासाठी प्राधान्य दिले, तरी जाळे केव्हा टाकावे हे इतरच ठरवीत राहिले. 2012 मध्ये किंग साल्मन घटल्यामुळे बंदी आली. ती मोडून युपिक मच्छीमार नदीत उतरले. खटले झाले, दंड झाले.

यातून धडा घेऊन 2015 साली 33 जमातींनी एक संयुक्त मत्स्य आयोग स्थापिला. प्रत्येक जमातीचा एक प्रतिनिधी त्यात असतो. 2016 मध्ये केंद्रीय वन्यजीव खात्याशी करार झाला आणि पुढे पेल्टोलाबाई आयोगाच्या कार्यकारी संचालक झाल्या. बंदी संपली नाही. ती ठरविताना नदीकाठचा माणूस मेजाशी बसू लागला. शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्यास याचे मोल कळते. हुकूम कितीही शास्त्रशुद्ध असो, ज्याच्या चुलीवर त्याचा भार पडतो त्यास विचारले नसेल, तर तो अमलात आणणे कठीण.

मात्र या कराराची कक्षा नदीपुरतीच होती. बेरिंग समुद्रात मोठ्या जहाजांच्या जाळ्यांत इतर माशांबरोबर साल्मनही सापडतात. गावकऱ्यांनी संयम पाळावा आणि समुद्रात मासे वाया जावेत, ही विसंगती होती. 2022 च्या पोटनिवडणुकीत पेल्टोलाबाई अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून आल्या. काँग्रेसमध्ये पोहोचलेल्या त्या अलास्काच्या पहिल्या मूलनिवासी सदस्य. हा प्रश्न त्यांनी वॉशिंग्टनला नेला आणि 2024 मध्ये त्यासंबंधी विधेयके मांडली. ती संमत झाली नाहीत आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचा पराभव झाला.

पद गेले, तरी त्यांनी विचारलेला प्रश्न उरतो: टंचाईत त्याग करावयाचा तो केवळ काठावरच्यांनीच काय?